लोखंडाचा एकच अणुथर उरला, तर तो चुंबक राहील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीजवळच्या काळबादेवी किनाऱ्याच्या काळ्या वाळूतून चुंबक फिरवला की त्याला कण चिकटतात. मग लोखंड पातळ करत करत एका अणूच्या थरापर्यंत नेलं, तर त्याचं चुंबकत्व टिकेल का?

टिकतं. पण किती आणि कोणत्या तापमानापर्यंत, हे सांगण्याआधी मला तुम्हालाच विचारावं लागेल: थर कशावर बसवलाय? मी काही वर्षं याच विषयात काम केलं, आता रत्नागिरीत बीएस्सीच्या मुलांना शिकवतो. पुस्तकात लोखंडापुढे क्युरी तापमानाचा, म्हणजे ज्याच्या वर चुंबकत्व जातं त्या तापमानाचा, एकच आकडा असतो, १०४३ केल्विन. तो वाचून चुंबकत्व हा धातूचा जन्मजात गुण आहे असं डोक्यात बसतं. अतिपातळ थराला तो हिशेब लागू पडत नाही.

वाळूचं आधी उरकतो. चुंबकाला पटकन चिकटतो तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनचं खनिज. त्याचा ०.१ मिलिमीटरचा कण म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत काही लाख अणू. लोखंडाचा एक अणुथर जेमतेम ०.२ नॅनोमीटर जाड असतो, तेव्हा या दोघांची बरोबरीच नाही.

आता थर वाढतो कसा ते बघा. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब गोळा होऊन बसतो आणि काचेवर पसरतो, तसंच धातूंचंही आहे. खालच्या स्फटिकाची पृष्ठऊर्जा (उघडा पृष्ठभाग ठेवायला लागणारी ऊर्जा) जास्त असेल तर वरचा धातू पसरतो आणि थरावर थर चढतो. कमी असेल तर तो ढीग करून बसतो. तिसरा प्रकार म्हणजे आधी एक-दोन थर नीट आणि मग ढीग. ही वर्गवारी भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट बाउअर यांनी १९५८ मध्ये मांडली.

टंगस्टनची पृष्ठऊर्जा भरपूर, त्यामुळे त्याच्या (११०) पृष्ठावर (हे आकडे म्हणजे स्फटिक कोणत्या दिशेने कापलाय त्याची खूण) लोखंडाचा पहिला थर छान पसरतो. टंगस्टनच्या अणूंमधलं अंतर लोखंडापेक्षा सुमारे १० टक्के जास्त आहे, तरी पहिला थर ताणून घेऊन त्याच जागांवर बसतो. हा थर लोहचुंबक असतो, म्हणजे त्याच्या अणूंची चुंबकं आपणहून एका दिशेत राहतात, पण साधारण २३० केल्विनपर्यंतच, म्हणजे उणे चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास. कारण उघड आहे: लोखंडाच्या जाड ठोकळ्यात प्रत्येक अणूला ८ सख्खे शेजारी असतात, या थरात लोखंडाचे ४ च उरतात.

खरं तर तो चुंबक राहतो हेच नवल. १९६६ मध्ये मर्मिन आणि वॅग्नर या भौतिकशास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की द्विमितीत अणूंच्या चुंबकांना सगळ्या दिशा सारख्याच मोकळ्या असतील, तर शून्याच्या वर कुठल्याही तापमानाला ते एका दिशेत टिकणार नाहीत. इथे खालचा स्फटिक मदतीला येतो. त्याच्यामुळे एक दिशा लाडकी ठरते आणि क्रम वाचतो. पृष्ठभागामुळे असा दिशाभेद येईल हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ नेएल यांनी १९५४ मध्येच सांगितलं होतं.

मला सगळ्यात आवडतं ते तांब्याच्या (१००) पृष्ठावरचं लोखंड. एरवी ९१२ अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय लोखंड फलककेंद्री रचना (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर अणू) धरत नाही. तांब्यावर ते खोलीच्या तापमानालाच तांब्याची रचना उचलतं. साधारण चार थरांपर्यंत सगळा थर लोहचुंबक, आणि चुंबकनाची दिशा पृष्ठाला लंब. पाचपासून दहाएक थरांपर्यंत फक्त वरचा भाग लोहचुंबक राहतो. त्यानंतर लोखंड आपल्या नेहमीच्या रचनेवर येतं आणि दिशा आडवी होते. धातू तोच, खालचं तांबंही तेच, फक्त जाडी बदलली!

हे सगळं मोजायचं ते व्हॅक्यूममध्येच. टंगस्टन पांढरा होईपर्यंत, २००० केल्विनच्या वर तापवून साफ करायचा आणि मग मिनिटाला एखादा थर अशा गतीने लोखंडाची वाफ सोडायची. इलेक्ट्रॉनची शलाका पृष्ठाला घासून सोडली की पडद्यावरच्या ठिपक्याची चमक कमी-जास्त होते. एक चढउतार म्हणजे एक थर पुरा. चुंबकत्व बघायला लेझरचा किरण पृष्ठावरून परावर्तित करून त्याचं ध्रुवण, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, किती वळलं ते मोजतात.

व्हॅक्यूम चांगलाच लागतो. टॉरच्या (दाबाचं एकक; बाहेरच्या हवेचा दाब ७६० टॉर) दहा लाखाव्या भागाइतक्या दाबालाही पृष्ठावर वायूचा एक थर सेकंदाभरात बसू शकतो. त्याच्याही दहा हजारपट कमी दाबाला तेवढ्यासाठी पावणेतीन तास मिळतात. बाहेरच्या हवेत तो थर नॅनोसेकंदांत झाकला जाईल. यात कोकणच्या खाऱ्या हवेचा दोष नाही, महाबळेश्वरलाही तेच होईल.

याचा उपयोग काय, हेही विचारलंत. लोखंड आणि क्रोमियमच्या अशाच पातळ थरांत फेर आणि ग्रुनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांना १९८८ मध्ये महाकाय चुंबकरोध सापडला, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने थरांचा विद्युतरोध खूप बदलतो. हार्ड डिस्कची वाचणारी हेड त्यावर बनू लागली, आणि दोघांना २००७ चं नोबेल मिळालं.

कॉलेजच्या कोटिंग युनिटमध्ये (धातूची वाफ करून थर चढवायच्या यंत्रात) हे करून बघायचा विचार असेल तर एका थराच्या मागे लागू नका. तिथल्या व्हॅक्यूममध्ये लोखंडाचा एक थर बसेपर्यंत वायूचे कित्येक थर येऊन आदळतात. त्यापेक्षा काचेवर पन्नासेक नॅनोमीटरचा निकेल चढवा. तो हवेत लोखंडापेक्षा बरा टिकतो, आणि त्याचं हिस्टेरेसिस वळण (चुंबकीय क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना चुंबकन कसं बदलतं त्याचा आलेख) लेझर, दोन पोलरायझर आणि एक विद्युतचुंबक एवढ्यावर काढता येतं.