‘शिप’ आणि ‘शीप’ आपल्या तोंडी एकच का होतात

तुमचे प्रश्न दोन आहेत. दुसरीतल्या मुलीच्या बाई ‘केक’मधल्या ए अक्षराला लाँग आणि ‘कॅट’मधल्या ए अक्षराला शॉर्ट का म्हणतात, हा एक. आणि मुलगी जहाजाला नि मेंढीला दोन्हीला ‘शीप’ का म्हणते, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर लवकर आटपतो. शाळेतलं लाँग-शॉर्ट म्हणजे आपलं दीर्घ-ऱ्हस्व नव्हे. अक्षराचं जे नाव तोच उच्चार झाला की त्याला लाँग म्हणतात: केकमध्ये ए, बाइकमध्ये आय, होपमध्ये ओ. चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या काळी, हे स्वर खरोखरच लांब होते. ‘नेम’ तेव्हा ‘नाम’सारखा आणि ‘टाइम’ ‘टीम’सारखा ऐकू यायचा, शेवटच्या ई अक्षराचाही हलका उच्चार व्हायचा. पुढच्या दोन-तीन शतकांत उच्चार सरकत गेले. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केल्यावर स्पेलिंग मात्र हळूहळू जिथल्या तिथे पक्कं होत गेलं. म्हणून अक्षर जुनं, उच्चार नवा.

आता मेंढी. यात मुलीचं इंग्रजी कच्चं आहे असं अजिबात समजू नका, तिची मराठी पक्की आहे. आपण मीठ म्हणतो पण मिठाचा, फूल पण फुलाला, बहीण पण बहिणीला. शब्द व्यंजनावर संपला की त्याआधीचा इकार-उकार आपण आपोआप लांबवतो. शुद्धलेखनाचा नियमही तेच सांगतो. तत्सम म्हणून ‘गुण’ ऱ्हस्व लिहितो, तरी तोंडातून ‘गूण’च येतं. हीच सवय इंग्रजीला लागते. ‘बुक’ लिहितो आणि ‘बूक’ म्हणतो. उंची ‘सहा फूट’ सांगतो, इंग्रजीत तो उकार ऱ्हस्व आहे. ‘बूट’ मात्र दोन्हीकडे दीर्घ. दोन ओ दिसले म्हणून दीर्घ, हा हिशेबही चालत नाही, कारण ‘ब्लड’मध्येही दोन ओ आहेत.

उपाय आपल्याच भाषेत आहे. तिला ‘शिपाई’ म्हणायला सांगा आणि ‘शिप’वर थांबवा. झालं जहाज. ‘पुलाव’ म्हणता म्हणता ‘पुल’वर थांबली की ओढण्याचा ‘पुल’ मिळतो, पोहण्याचा ‘पूल’ वेगळा.

पण नुसतं आखूड करून भागत नाही, आणि बहुतेक क्लासवाले इथेच कमी पडतात. ‘शीप’ म्हणताना ओठ ताणले जातात, जीभ वर टाळूकडे जाते. ‘शिप’मध्ये जीभ थोडी सैल आणि खाली, एकाराकडे झुकलेली असते. खरा फरक हा आहे. लांबी तर फसवी: मारण्याच्या ‘बीट’मधला ईकार पुढच्या टमुळे इतका आखडतो, की लिलावातल्या ‘बिड’मधल्या इकाराएवढाच भरतो. तरी इंग्रज माणसाचा गोंधळ होत नाही, कारण त्याचा कान लांबीइतकाच, किंबहुना जास्तच, स्वराच्या जातीवर असतो.

म्हणून आधी कान तयार करा. कागदावर जहाज आणि मेंढी काढा. तुम्ही शब्द म्हणा, तिने बोट ठेवायचं. नेम बरोबर बसायला लागला की मग तिला बोलायला लावा. नियम आताच सांगू नका, चौथी-पाचवीत सांगितले तरी चालतील.