इन्सर्ट आणि एक

“मॅडम, एवढ्या सगळ्या कीज लक्षात कशा ठेवायच्या हो? माझं डोकंच चालेनासं झालंय.”

दादरला कबुतरखान्याच्या बाजूच्या गल्लीत माझी समुपदेशनाची खोली आहे, आणि त्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडलं की ओळखते. काचबिंदूने नजर गेलेले मास्तर म्हणतात, मधुमेहाने पडदा खराब झालेला अकाउंटंट म्हणतो. जन्मापासून अंध असलेली मुलं मात्र असं कधी म्हणत नाहीत. हे दुखणं आहे वीस-पंचवीस वर्षं माउस हातात धरलेल्या आणि मग नजर गमावलेल्या माणसांचं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचं वाचून बोलणारा प्रोग्रॅम. बाण कुठे आहे हे दिसल्याशिवाय माउसचा उपयोग नाही, म्हणून सगळा कारभार कीबोर्डवर, ठरावीक कीज दाबून. त्यांनाच शॉर्टकट म्हणतात. जॉज नावाचा महागडा प्रोग्रॅम जुना आहे. एनव्हीडीए फुकट मिळतो. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. विंडोजमध्ये नॅरेटर आधीपासून असतोच. विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की बोलायला लागतो.

आता ताईंची गोष्ट. त्यांना विचारूनच सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई चव्वेचाळीस वर्षांच्या, भांडुपला राहणाऱ्या, एका सरकारी कार्यालयात लिपिक. आजार आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेचं, आणि शेवटी नळीतून बघावं तेवढंच उरतं. ताईंचं तेवढंही उरलं नव्हतं. लेकीबरोबर दिव्यांगांच्या डब्यातून दादरला येत. पहिल्या दिवशी त्यांनी फोन पुढे केला. लेकीने त्यात शॉर्टकटची यादी वाचून रेकॉर्ड केली होती, शंभराच्या वर. ताई ती रोज रात्री झोपताना ऐकायच्या, स्तोत्र ऐकावं तशी.

“सकाळी किती आठवतात?”

“तीन. कधी चार.”

“त्या तीन वापरता?”

“नाही. सगळ्या झाल्याशिवाय कसं बसणार ऑफिसात?”

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी आहे. आपल्याला छळतो तो आपलाच ‘असं झालंच पाहिजे’ हा हट्ट, असं ते सांगत. आपल्याकडे डॉ. कि. मो. फडके यांच्यामुळे ती वाट मराठी माणसाला ओळखीची झाली. त्यामुळे ‘झाल्याच पाहिजेत’मधला तो ‘च’ माझ्या कानाला लगेच टोचतो. पण तो ‘च’ दाखवून दिला की माणूस मोकळा होतो असं नाही, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. पहिल्या दोन भेटींत मी तेच करत बसले. ताई मान हलवायच्या, “पटतंय” म्हणायच्या, आणि रात्री पुन्हा यादी लावायच्या.

तिसऱ्या भेटीत मी वेगळंच विचारलं. “ऑफिसात शेवटचं कधी बसला होता कॉम्प्युटरवर?”

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सांगितलं. एक दिवस टेबलावर एकट्या होत्या. पडद्यावर उघडलेल्या खिडकीचं नाव ऐकायला काहीतरी दाबायचं होतं, बोट इन्सर्ट आणि क्यूवर पडलं. बंद करायचं का, असं विचारणारी चौकट उघडली. त्यांना ते नीट कळलं नाही, घाबरून एंटर दाबलं. आवाज गेला.

“मग?”

“मग काय. नुसती बसले.”

“किती वेळ?”

“जेवणाची सुट्टी होईपर्यंत. चाळीस मिनिटं असतील. अधूनमधून कीबोर्डवर बोटं फिरवत होते. कुणी बघितलं तर काम करतेय असं वाटावं म्हणून.”

लेक बाहेर बाकावर बसली होती. तिलाही हे माहीत नव्हतं.

कंट्रोल, आल्ट आणि एन. तीन कीज दाबल्या असत्या तर एनव्हीडीए परत बोलू लागला असता. ही की ताईंच्या यादीत होती. मी विचारलं तेव्हा घडाघडा म्हणून दाखवली! त्या चाळीस मिनिटांत ती आठवली नाही, कारण आठवायला डोकं रिकामं लागतं आणि ताईंच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: आता सगळ्यांना कळणार. स्मरणशक्तीची तक्रार घेऊन आलेल्या बाईंची स्मरणशक्ती ठणठणीत होती.

पुढच्या वेळी मी त्यांना लॅपटॉप आणायला सांगितला आणि त्याला माझा जुना मोठा कीबोर्ड जोडला. ताईंनी हात ठेवले, आणि मी बघत राहिले. दोन्ही तर्जन्या सरळ एफ आणि जे या कीजवरच्या बारीक उंचवट्यांवर जाऊन बसल्या. चाचपणं नाही, काही नाही.

“टायपिंग कुठे शिकलात?”

“भांडुपलाच, इन्स्टिट्यूटमध्ये. मशीनवर. ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे.” चेहरा एकदम उजळला. “आमचे सर बोटांवर रुमाल टाकायचे. खाली बघितलं की पट्टी.”

म्हणजे या बाईंच्या बोटांनी कीबोर्ड कधी डोळ्यांनी शिकलेलाच नव्हता. मी तसं म्हटलं. त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “पण तेव्हा चुकलं तर कागदच फाटायचा ना. इथे काय उडेल सांगता येत नाही.”

तिथे मला त्या कीची आठवण झाली. इन्सर्ट आणि एक, म्हणजे १ हा आकडा. आधी आलेल्या एका मुलाने मला ती दाखवली होती आणि मी ऐकून सोडून दिली होती. ही जोडी दाबली की एनव्हीडीएत ‘इनपुट हेल्प’ सुरू होते. त्यानंतर कुठलीही की दाबा, कॉम्प्युटर ती की काय करते एवढंच सांगतो. करत काहीच नाही.

“आता तुमच्या हातून काहीही बिघडणार नाही. वाटेल ते दाबा.”

ताईंनी आधी टी दाबलं, मग इन्सर्ट-टी. खिडकीचं नाव सांगते, असं त्या यंत्राने आपल्या चिरक्या इंग्रजीत सांगितलं. इन्सर्ट-एफ बारा: वेळ. मग बोट थांबलं. मला कळलं ते कुठे जाणार आहे. इन्सर्ट आणि क्यू. एनव्हीडीए बंद करते, असं आवाज म्हणाला, आणि बंद मात्र झाला नाही. ताईंनी पुन्हा दाबलं. पुन्हा. सहा-सात वेळा तरी दाबलं असेल. आवाज आपला इमानेइतबारे दर वेळी तेच सांगत होता. त्या बाईंच्या खांद्यांतला ताण उतरताना मी समोरून पाहिला.

मग खरी गंमत झाली. म्हटलं, आता वर्ड उघडूया. काही केल्या उघडेना! नुसती कीजची नावं. मीही गडबडले, वायर हलवून बघितली. आणि ताई एकदम हसायला लागल्या. “मॅडम, ते एक बंद नाही केलं आपण!” पुन्हा इन्सर्ट-एक दाबायचं असतं, ते मीच विसरले होते. सगळं दिसणारी बाई अडली आणि न दिसणारीने सोडवलं. इतक्या वर्षांच्या कामात माझ्या सगळ्यात उपयोगी पडलेल्या चुकांमध्ये मी ही धरते. मुद्दाम केली होती असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

एलिस लोकांना न्यूयॉर्कच्या गाडीत स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारायला सांगत, लाज वाटली तरी काही कोसळत नाही हे अंगाला कळावं म्हणून. ताईंचं मध्य रेल्वेतलं स्टेशन म्हणजे इन्सर्ट-क्यू. भीतीची की पुन्हा पुन्हा दाबायची, जिथे दाबून काही होत नाही अशा जागी. हे मला पुस्तकात सापडलं नव्हतं, आणि ते मला सुचलं याचं थोडं कौतुक मी स्वतःचं करून घेते.

तेव्हापासून कुणी “लक्षात राहत नाही” म्हणालं की मी आधी विचारते: कुणासमोर?

बाकी मी काय सांगते तेही लिहिते, कारण फोन त्यासाठीच येतात. यादी पुसून टाका. पहिली की शिका गप्प करायची: नुसतं कंट्रोल. बोलणाऱ्याला थांबवता येतं हे कळल्यावर माणूस त्याचा गुलाम राहत नाही. दुसरी, बंद पडला तर उठवायची, वर सांगितलेली. तिसरी इन्सर्ट-एक. त्यानंतर फक्त आपल्या रोजच्या एका कामाला लागणाऱ्या. ताईंचं काम एका पोर्टलवर नोंदी करायचं होतं. पान उघडलं की त्या वरपासून सगळं ऐकत बसायच्या. त्यांना एच दिलं, शीर्षकांवर उड्या मारायला, आणि ई, लिहायच्या चौकटीवर जायला. महिनाभर एवढंच.

इथे एक जागा हमखास घोटाळ्याची. पान वाचत असताना एच म्हणजे पुढचं शीर्षक, पण लिहायच्या चौकटीत शिरलात की एच म्हणजे साधं एच अक्षर. नवशिक्याला वाटतं आपलंच बिघडलं. इन्सर्ट आणि स्पेसने इकडून तिकडे जाता येतं, दोन्ही वेळचा आवाज वेगळा असतो. तो आवाज ओळखायला शिका, अर्धी चिडचिड तिथेच संपते.

घरच्यांना एकच विनंती: हातातून कीबोर्ड घेऊ नका. “थांब आई, मी करते” हे प्रेमाचंच वाक्य आहे, पण त्या चाळीस मिनिटांइतकंच नुकसान करतं. ताईंच्या लेकीला हे सांगताना ती रडली. तिला मी नंतर वेगळी वेळ दिली.

आणि नोकरीचं. ताईंना ऑफिसात कुणीतरी सुचवलं होतं, स्वेच्छानिवृत्ती घ्या, कशाला त्रास. साहेबही “तुम्ही नुसत्या बसा” म्हणायचे. मी वकील नाही, पण एवढं प्रत्येकाला सांगते: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० वाचून घ्या. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणावरून काढता येत नाही की पद खाली आणता येत नाही. ते काम जमणार नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. ताईंनी ते कलम एनव्हीडीएवर स्वतः ऐकलं, तीनदा. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या यंत्राच्या मराठी आवाजाबद्दल म्हणाल्या, “हा माणूस वाचतोय की भांडतोय?”

आमच्या भेटी संपल्या त्याला आता सात-आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात दुपारी ताईंचा फोन. आवाज चढलेला.

“मॅडम, पोर्टल बदललं मेल्यांनी. एच दाबते तर पुढे शीर्षकच नाही म्हणतो. बटणांना नावं नाहीत. नुसतं बटण, बटण, बटण!”

“मग?”

“मग काय, तक्रार लिहिली. दोन पानी. तुम्हाला मेल केलीय, जरा बघा.”

मी उघडली. छान लिहिली होती, कडक. दुसऱ्या परिच्छेदात ‘कार्यालयिन’ असं ऱ्हस्व पडलं होतं. सांगितलं.

“थांबा,” म्हणाल्या. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि मग कीबोर्डची टकटक.