पॉसिबिलिटीपुढे काय लावायचं? आणि हूज नक्की कोणाला?

प्रश्न : सर, मी बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय, शिक्षण सगळं मराठी मिडियममधून. चूक शोधा टाइपच्या प्रश्नात पॉसिबिलिटी आणि हूज आले की हमखास अडकते. मी लिहिलं होतं, ‘देअर इज पॉसिबिलिटी टू रेन टुडे’. मैत्रीण म्हणते चूक, पण का ते तिलाही सांगता येईना. आणि क्लासमध्ये सांगतात हूज फक्त माणसांना लावायचं, वस्तूंना नाही. खरंय का?
– एक वाचक, जालना

उत्तर : मैत्रीण बरोबर आहे, क्लासवाले अर्धेच बरोबर.

तुमच्या वाक्यातला ‘टू’ बहुतेक पॉसिबलकडून आलाय. ‘इट इज पॉसिबल टू गो बाय ट्रेन’ हे अगदी बरोबर, पण पॉसिबिलिटी हे नाम, त्याला टू शोभत नाही. मराठीतच बघा ना, आपण म्हणतो ‘पावसाची शक्यता’, ‘गाडी लेट होण्याची शक्यता’. जिथे ‘ची’ तिथे ऑफ, आणि ऑफपुढे एक तर नाम नाहीतर आयएनजीवालं रूप : ‘देअर इज अ पॉसिबिलिटी ऑफ रेन’, ‘अ पॉसिबिलिटी ऑफ द ट्रेन बीइंग लेट’. आणि ‘गाडी लेट होईल अशी शक्यता आहे’ म्हटलं की ‘अशी’च्या जागी दॅट घाला आणि पुढे अख्खं वाक्य येऊ द्या, ‘देअर इज अ पॉसिबिलिटी दॅट द ट्रेन विल बी लेट’. सुरुवातीचा तो ‘अ’ गाळू नका, चूक शोधायच्या प्रश्नात बरेचदा तोच गायब केलेला असतो. दाट शक्यता म्हणायचं तर ‘स्ट्राँग पॉसिबिलिटी’.

आता हूज. खरं तर हा आपल्याला सोपा जायला हवा, कारण मराठीत ज्याचा, ज्याची, ज्याचे, जिचा, ज्यांचा असा सगळा गोतावळा आहे आणि इंग्रजीत त्या सगळ्यांना मिळून एकच हूज. तरी चुका होतातच, आणि सगळ्यात जास्त होते ती आपल्या ‘ज्याचे… तो’ या जोडीमुळे. ‘ज्याचे वडील शिक्षक आहेत तो माझा मित्र’ याचं आपण करतो ‘द बॉय हूज फादर इज अ टीचर, ही इज माय फ्रेंड’. तो ‘ही’ काढून टाका, बॉय एकदा आलाय तेवढं पुरे. तसंच हूजला लागूनच नाम येतं, मध्ये ‘द’ किंवा ‘हिज’ घुसवायचं नाही, म्हणजे ‘हूज हिज फादर’ लिहिलं की मार्क गेलाच.

वस्तूंचं म्हणाल तर प्रश्न विचारताना हूज माणसांपुरतंच, ‘हूज पेन इज धिस?’ म्हणजे कोणाचं पेन. पण दोन वाक्यं जोडताना वस्तूलाही बिनधास्त चालतं, ‘अ हाऊस हूज रूफ लीक्स’ यात काहीही चूक नाही. इंग्रज कवी मिल्टनने १६६७ साली छापलेल्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याच्या अगदी पहिल्या ओळींत निषिद्ध झाडाच्या फळाबद्दल बोलताना हूज वापरलंय, आता क्लासवाल्यांना अजून किती जुना पुरावा हवा! ‘द रूफ ऑफ विच’ असंही लिहितात, पण ते उगाच सरकारी पत्रासारखं वाटतं.

राहता राहिलं स्पेलिंग. अपॉस्ट्रॉफीवालं हूज म्हणजे ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’, उच्चार मात्र डिट्टो सेम. शंका आली तर तिथे ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’ घालून वाक्य मनात वाचा. अर्थ लागला तर अपॉस्ट्रॉफी, नाही लागला तर शेवटी एसई.

आणि हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात हवे असतील तर हे घ्या सरावाला : ‘देअर इज अ पॉसिबिलिटी दॅट कँडिडेट्स हूज फॉर्म्स आर इनकम्प्लीट विल नॉट गेट हॉल तिकीट्स’.