वाचकांचे प्रश्न : वाकड्या तुळया आणि जहाजाची लाकडे

प्रश्न : इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातून प्रवास करताना एका जुन्या पबमध्ये थांबण्याचा योग आला. इमारत काळ्या लाकडांची आणि पांढऱ्या भिंतींची होती, वरचा मजला रस्त्यावर हातभर पुढे आलेला होता आणि आतली एकही तुळई सरळ नव्हती. टेबलावर ठेवलेले पेन आपोआप घरंगळले. तुळयांना जागोजाग रिकामी भोके होती. ही लाकडे मोडीत निघालेल्या जहाजांची आहेत, असे तिथे अभिमानाने सांगण्यात आले. इमारत खचत चालली आहे का, आणि जहाजांची गोष्ट कितपत खरी मानावी?

उत्तर : जहाजांची गोष्ट आधी निकालात काढू. इंग्लंडमधल्या असंख्य जुन्या लाकडी पबांत ती ऐकायला मिळते, आणि बहुतेक ठिकाणी तिला आधार नसतो. श्रॉपशायरला तर समुद्रकिनाराच नाही. जहाजाचे बाकदार लाकूड तिथवर ओढत आणण्यापेक्षा शेजारच्या रानातला ओक तोडणे सुताराला केव्हाही सोपे होते. रिकाम्या भोकांचा उलगडा बहुधा घरातच सापडतो. तुळईच्या खालच्या अंगाला सारख्या अंतरावर भोकांची ओळ दिसली, तर तिथे पूर्वी उभ्या लाकडांची एक आडभिंत होती आणि पुढे कोणीतरी दोन खोल्यांची एक खोली केली, असे समजावे. भोके अस्ताव्यस्त असतील, तर ती तुळई आधीच्या एखाद्या घरातून काढून पुन्हा वापरलेली असू शकते. चांगले लाकूड टाकून देण्याची त्या काळी पद्धत नव्हती.

वाकडेपणाचे मूळ लाकडात आहे. हे सुतार ओक ओलाच वापरत, कारण वाळलेला ओक इतका कठीण होतो की तो तासताना हत्यारे बोथट होतात. ओले लाकूड जागेवर वाळताना आडव्या अंगाने आकसते, लांबीला मात्र जवळपास तेवढेच राहते. त्यामुळे ते पीळ खाते, चिरते, बाक घेते. हे सारे बहुतांशी पहिल्या काही दशकांत घडून जाते आणि त्यानंतर चौकट त्याच आकारात स्थिर होते. आपले पेन ज्या उतारावरून घरंगळले, तो कदाचित तीन-चारशे वर्षांपूर्वीचाच उतार असेल. काळजी करायची ती ताज्या चिरा आणि नुकताच उघडलेला सांधा दिसला तर. आणि त्याहून अधिक, जमिनीलगतची आडवी तुळई कुजलेली असेल तर. शतकानुशतके रस्त्याची पातळी चढत गेल्याने हीच तुळई सर्वांत आधी ओल धरते.

चौकट आकसूनही सुटत का नाही, हे सांध्याजवळ जाऊन पाहिल्यावर कळते. एका लाकडाच्या टोकाला कुसू, म्हणजे जिभेसारखा पुढे आलेला भाग, काढून ते दुसऱ्याच्या भोकात बसवायचे आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी ठोकायची, एवढाच हा सांधा. खिळ्याची गरज नाही. पण कुसवातले छिद्र मुद्दाम थोडेसे सरकवून पाडलेले असते, त्यामुळे निमुळती खुंटी आत जाताना सांधा आवळत नेते. सांध्यापाशी नीट पाहिल्यास पटाशीने मारलेल्या सरळ रेघाही दिसतील. ते रोमन आकडे आहेत. सुतार आपल्या आवारात एकेक भिंत आडवी मांडून जुळवत, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर एकच आकडा घालत, मग सारे सुटे करून जागेवर नेत आणि आकड्याला आकडा लावून उभे करत. चार हा आकडा अनेकदा चार सरळ रेघांनीच लिहिलेला असतो. मला स्वतःला या इमारतींतली सर्वांत देखणी युक्ती मात्र खांबांत दिसते. अनेक मुख्य खांब झाडाच्या उलट, म्हणजे बुंधा वर करून उभे केलेले असतात. बुंध्याकडचा रुंद भाग माथ्याशी आल्यामुळे भिंतीवरची लांब तुळई आणि खोलीवरून जाणारी आडवी तुळई या दोघींनाही एकाच खांबावर टेकायला जागा मिळते.

भिंत वजन पेलत नाही, हे येथे लक्षात घ्यावे. चौकटीतल्या रिकाम्या चौकोनांत कूड भरलेला असतो : वर-खाली खोचलेल्या ओकच्या काठ्या, त्यांत विणलेल्या हेझल नावाच्या झुडपाच्या फांद्या, त्यावर पेंढा व शेण कालवलेली माती आणि शेवटी चुना. चौकट हलली तर कूडही थोडा हलतो, ओला झाला तर वाळतो. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी याच भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला गेला. सिमेंट लाकडाबरोबर हलत नाही, कडेने फट पडते, फटीतून शिरलेले पाणी आतच कोंडते आणि कित्येक शतके टिकलेला ओक सिमेंटच्या आड कुजू लागतो.

काळा रंगही मूळचा असेलच असे नाही. लाकडाला डांबर फासून काळ्या-पांढऱ्याचा ठळक विरोध उठवण्याची हौस बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातली आहे. त्याआधी ओक उघडा ठेवून रुपेरी करडा होऊ देत, किंवा लाकूड आणि भिंत या दोहोंवरून सरसकट चुना फिरवत.

पुढे आलेल्या मजल्याने वर जागा वाढते हे खरे; पण गर्दीच्या गल्लीबाहेर, मोकळ्या जागेतही तो आढळतो, तेव्हा त्यात ऐपतीचे प्रदर्शन होतेच. सॉमरसेटमधील नॉर्टन सेंट फिलिप येथील जॉर्ज इनमध्ये (इन म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाची जुनी खानावळ) तळमजला दगडी आणि त्यावर पुढे आलेले दोन लाकडी मजले आहेत. श्रॉपशायरमध्ये पुन्हा जाणे झाले, तर लडलो गावातील फेदर्स अवश्य पाहावे. 1619 मध्ये एका वकिलाने बांधलेले हे घर 1670 च्या सुमारास इन झाले, आणि त्याच्या दर्शनी भागावर गरजेपेक्षा कितीतरी अधिक ओक केवळ नक्षीसाठी खर्च झाला आहे.

प्रश्न : अशा इमारती लंडनमध्ये फारशा का दिसत नाहीत? आणि मालकाला एखादी तुळई बदलायची असेल, तर तो ती बदलू शकतो का?

उत्तर : 1666 च्या आगीत जुने शहर जळाले आणि 1667 च्या कायद्याने तिथली नवी घरे विटांची किंवा दगडाची बांधणे बंधनकारक झाले. थेम्सच्या दक्षिणेला सदर्क येथे 1676 मध्ये वेगळी आग लागली. तिच्यानंतर पुढच्या वर्षी उभे राहिलेले तिथले जॉर्ज इन (सॉमरसेटमधले नव्हे, नाव तेवढे सारखे) हे लाकडी सज्जांचे लंडनमधील एकमेव उरलेले घोडागाड्यांचे इन आहे. तेही अर्धेमुर्धेच, कारण 1889 मध्ये रेल्वे कंपनीने त्याच्या दोन बाजू पाडल्या. सज्जांनी वेढलेले चौक पूर्वी कसे दिसत, हे पाहायचे तर ग्लॉस्टरचे न्यू इन गाठावे. ते 1450 च्या सुमारास तिथल्या मठाने यात्रेकरूंसाठी बांधले.

संरक्षित यादीतल्या इमारतीचे स्वरूप बदलणारे काम, मग ते आतले असले तरी, 1990 च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय केल्यास तो गुन्हा ठरतो. तुळईचे टोक कुजले म्हणून आख्खी तुळई काढणे त्यामुळे सहसा मंजूर होत नाही. जुने जपावे, नव्याने घडवू नये, हा आग्रह कलावंत आणि लेखक विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन इमारत संरक्षण संस्थेने धरला, आणि सुतार आजही त्याच रीतीने काम करतात : कुजलेला तुकडा तेवढा कापायचा आणि तिरक्या, लांब सांध्याने नवा ओक जोडायचा. नवे लाकूड जुन्यासारखे दिसावे म्हणून ते रंगवत नाहीत. काही जण त्यावर दुरुस्तीचे वर्ष कोरून ठेवतात.