पेठेतला वडिलोपार्जित वाडा विकावा की पुनर्विकासासाठी बिल्डरला द्यावा?

विका. आणि बाहेर गिऱ्हाईक शोधायच्या आधी तुमच्या भाडेकरूंना विचारा.

सोलापुरात शुक्रवार पेठेतला माळवदाचा (मातीच्या सपाट छताचा) वाडा, तिघे भाऊ, खाली दोन जुनी भाडोत्री दुकानं आणि "अर्धे फ्लॅट तुमचे" म्हणणारा बिल्डर, एवढंच तुम्ही लिहिलंय. मला ते वाचून आमचा साखर पेठेतला वाडा आठवला, म्हणून सविस्तर लिहिते.

दादा पुण्यात, धाकटा बेंगळुरूला, मी लग्न होऊनही सोलापुरातच. वाड्यात आई एकटी. मृगाच्या आधी माळवदावर माती टाकून घ्यायची, गळणारी खोली रिकामी करायची, महापालिकेचा कर भरायचा, हे सगळं माझ्याकडे. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात मागच्या भिंतीला तडा गेला होता, तो रुंदावतच चालला होता. दादा सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला यायचा, नंदीध्वजांची मिरवणूक बघायचा आणि ढेलजेत बसून सांगायचा, "वास्तू विकायची नाही. बिल्डरला देऊ. प्रत्येकाला फ्लॅट, वर रोख."

हा हिशोब पुण्याचा आहे. तिथे बिल्डरला जादाच्या फ्लॅटमधून एवढं सुटतं की त्यात तुमचं बांधकाम फुकट होतं. सोलापुरात सिमेंट आणि सळई जवळपास त्याच भावाने येते, पण पेठेतला फ्लॅट पुण्याच्या भावाने कोण घेणार? ज्याच्याकडे पैसा आहे तो जुळे सोलापूरला नाहीतर होटगी रोडला जातो, जिथे गाडी दारात लावता येते.

शिवाय बोळ. किती चटई क्षेत्र, म्हणजे किती बांधकाम करायची परवानगी, मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, हे बिल्डर पहिल्या बैठकीत सांगत नाही. मी सिटी सर्व्हेचा नकाशा आणि मालमत्ता पत्रक घेऊन एका आर्किटेक्टकडे गेले. रस्तारुंदीत जाणारी पट्टी, सोडायची मोकळी जागा, पार्किंग, जिना, भाडेकरूला परत द्यायचा गाळा असं सगळं वजा करून त्यांनी कागदावर मांडलं. आमच्या वाट्याला दोन-दोन खोल्यांची घरं येत होती, तीही बिल्डरने काम पूर्ण केलं तर. दादाला तो कागद पाठवला. तो म्हणाला, "तुला त्यातलं काय कळतं?"

त्याच दिवाळीत त्याने हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. "तुझं लग्न थाटात लावून दिलं, आता फक्त सही लागेल." मी सही केली नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिलाय, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो राहतो हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलंय. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या घराची गळती मी निस्तरली त्या घराबद्दल मला बोलायचा अधिकार नाही असं कसं? तुमच्या प्रश्नात तिघे भाऊ आहेत, बहीण कुठेच नाही. असेल तर तिला विचारल्याशिवाय बिल्डरच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. तो करार टिकणार नाही, आणि टिकूही नये.

आता भाडेकरू. आमच्या खाली एका अण्णांचं सुताचं दुकान होतं, त्यांच्या वडिलांपासूनचं. दादा म्हणायचा, वाडा धोकादायक ठरवून पाडून घेऊ, म्हणजे ते आपोआप जातील. जात नाहीत. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलंय. आणि भाडे नियंत्रण कायद्याखाली दावा लावला तर तो किती वर्षं चालेल हे तुमचा वकीलसुद्धा छातीठोकपणे सांगणार नाही.

मी एका दुपारी दुकानात जाऊन सरळ विचारलं, "अण्णा, वाडा तुम्हीच घेता का?" ते म्हणाले, "ताई, हे आजवर कुणी विचारलंच नाही." त्यांच्या मुलाला वर गोदाम हवं होतं. त्यांनीही घासाघीस भरपूर केली, पण बाहेरचं गिऱ्हाईक "आधी जागा रिकामी करून द्या" म्हणून जेवढं पाडून मागत होतं, त्याहून त्यांचा आकडा बराच वर होता. खरेदीखत झालं. पैशाचे चार समान हिस्से केले, आईचा तिच्या एकटीच्या नावावर ठेवला. तिने त्यातून लिफ्ट असलेल्या इमारतीत भाड्याने घर घेतलं आणि पुढचा पावसाळा घरात बादल्या न मांडता काढला. दादा अजून म्हणतो, थांबलो असतो तर दुप्पट आले असते. थांबायचं कुणी होतं? गळणाऱ्या छताखाली आई झोपत होती, तो नव्हे.

तुमचा वाडा रुंद रस्त्याला लागून असेल आणि दोन्ही दुकानदार लेखी तयार असतील, तर पुनर्विकासाचा हिशोब जुळू शकतो, हे मान्य आहे. तसं असेल तर नोंदणीकृत करार, बँक हमी आणि बांधकाम होईपर्यंतचं भाडं याशिवाय ताबा देऊ नका. विकणार असाल तर आधी मालमत्ता पत्रकावर सगळ्या वारसांची नोंद करून घ्या. आणि नोंदणीकृत मूल्यमापकाकडून 1 एप्रिल 2001 चं मूल्यांकन काढून घ्या, कारण एवढ्या जुन्या वाड्याचा नफा मोजताना तीच मूळ किंमत धरता येते. 23 जुलै 2024 पासून भांडवली नफ्यावर महागाई निर्देशांक न लावता 12.5 टक्के कर आहे; जुन्या मिळकतीला निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा पर्यायही ठेवलाय. दोन्ही आकडे सीएकडून काढून घ्या, आणि तेही इसार घ्यायच्या आधी.