ग्रामपंचायतीच्या मतदानाला बूथवर बसायचं असेल तर काय माहीत असायला हवं?

तुम्ही विचारलंय, चुलते सरपंचपदाला उभे आहेत, त्यांनी तुम्हाला केंद्रावर 'निरीक्षक' म्हणून बसायला सांगितलंय, तर तिथे नेमकं काय करायचं आणि काय केलेलं चालत नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. निरीक्षक राज्य निवडणूक आयोग नेमतो आणि ते सरकारी अधिकारी असतात. तुम्ही असाल मतदान प्रतिनिधी, म्हणजे गावच्या भाषेत पोलिंग एजंट. उमेदवाराच्या सहीचा नेमणुकीचा कागद केंद्राध्यक्षांना द्यायचा आणि त्यांच्यासमोर सही करून आत बसायचं. एका उमेदवाराचा एका वेळी एकच माणूस आत बसतो. तुम्ही सरकारी नोकरीत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक असाल तर हे काम घेऊच नका, तुम्हाला ते करता येत नाही.

मी आमच्या गावात २०१७ च्या ऑक्टोबरात आणि २०२२ च्या डिसेंबरात बसलो. त्या अनुभवावरून सांगतो, एजंटचं मुख्य काम माणसं ओळखण्याचं आहे. मतदान अधिकारी बाहेरगावचे असतात. त्यांच्यासमोर फक्त यादी आणि ओळखपत्र असतं. समोर उभा असलेला माणूस तोच आहे का, हे गावात राहणाऱ्यालाच कळतं. ग्रामपंचायतीत निकाल दोन-चार मतांवर फिरतो आणि मतं समसमान पडली तर चिठ्ठी टाकून ठरवतात. त्यामुळे एका चुकीच्या मताची किंमत इथे फार मोठी आहे.

म्हणून मतदार यादी आधी घरी वाचा. आपल्या प्रभागातले मयत, दुबार नावं, एकाच नावाचे दोघे-तिघे यांच्यावर पेन्सिलने खुणा करा. आमच्याकडे निम्मी भावकी एकाच आडनावाची आहे, त्यामुळे नाव आणि आडनाव सारखं, फक्त नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव वेगळं, असं बरंच असतं. अधिकारी अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतात तेव्हा तुमच्या प्रतीवर टिक करत जा. चूक तिथेच पकडता येते.

२०१७ ला मी ती पकडू शकलो नाही, कारण मी जागेवर नव्हतो. दुपारी बदली माणूस न बसवता जेवायला गेलो. परत आलो तर मळ्यातली एक आजी टेबलापाशी उभी होती आणि अधिकारी तिला सांगत होते, तुमचं मतदान झालंय. मघाशी तिच्याच नावाची दुसरी बाई येऊन गेली होती आणि खूण हिच्या नावापुढे झाली होती. दोघींना मी लहानपणापासून ओळखतो. मी तिथे असतो तर एका वाक्यात हे थांबलं असतं. मग मी केंद्राध्यक्षांना विनंती केली आणि आजीला प्रदत्त मतपत्रिका मिळाली. आपलं मत दुसऱ्याने दिलेलं आढळलं तर ओळख पटवून अशी कागदी मतपत्रिका मागता येते. पण ती वेगळ्या पाकिटात जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. बाहेर पडताना आजीने विचारलं, "माझं मत पडलं ना रे बाळा?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी बदली माणूस बसल्याशिवाय उठत नाही.

आक्षेपाबद्दल नीट समजून घ्या, कारण भांडणं इथेच होतात. 'हा माणूस यादीतला तो नव्हे' एवढाच आक्षेप केंद्रावर घेता येतो. 'हा पुण्याला राहतो', 'हिचं लग्न होऊन ती सासरी गेली' हे तिथे चालत नाही. नाव यादीत आहे आणि माणूस तोच आहे, तर तो मत देणार. यादीवरच्या हरकतींची वेळ आधीच येऊन गेलेली असते. लोकसभा-विधानसभेला अशा आक्षेपासाठी दोन रुपये भरावे लागतात आणि आक्षेप उगाचच घेतला असेल तर ते जप्त होतात. रक्कम किरकोळ आहे, पण मुद्दा गावातही तोच: खात्री असेल तरच बोला, आणि बोलायचं ते केंद्राध्यक्षांशी. मतदाराशी थेट हुज्जत घालू नका.

दुसरी अडचण मशीनची. सरपंच थेट निवडायचा असल्याने मतदाराला एक मत सरपंचाला आणि प्रभागात जितक्या जागा तितकी मतं सदस्यांना द्यायची असतात. म्हातारी माणसं एकच बटण दाबून निघतात आणि मशीनचा लांब आवाज येतच नाही. अशा वेळी "अजून दाबा की!" असं तोंडावर येतं. गप्प बसा. समजावून सांगायचं काम केंद्राध्यक्षांचं आहे, तुम्ही बोललात तर तो प्रचार ठरतो. अंध किंवा अधू मतदारासोबत आत जाणाऱ्याकडे मात्र लक्ष ठेवा. एका सोबत्याने दिवसभरात एकाच मतदाराला मदत करायची असते. एकच कार्यकर्ता तिसऱ्या आजोबांचा हात धरून येताना दिसला तर लगेच सांगा.

सकाळी साडेसातला मतदान सुरू होतं, पण तुम्ही त्याच्या बरंच आधी पोहोचा. आधी मॉक पोल होतो, म्हणजे सर्वांसमोर चाचणीची मतं टाकून मशीन तपासतात. ती मतं पुसली गेली आणि आकडा शून्यावर आला, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मगच सही करा. मशीनचा आणि मोहरांचा क्रमांक वहीत उतरवून घ्या. हा अर्धा तास ज्याने झोपेत घालवला, त्याला नंतर मशीनबद्दल तक्रार करायला आधारच राहत नाही.

मोबाइल आत न्यायचा नाही. चिन्ह असलेला बिल्ला किंवा टोपी नको. टिक केलेली यादी मतदान संपेपर्यंत बाहेर जाऊ द्यायची नाही. "कोण कोण राहिलंय ते सांग" म्हणून खिडकीतून हाका येतील, तुमचे चुलतेही विचारतील. नाही म्हणा. मतदान कक्षाच्या दिशेने मान वळवू नका, आणि कोणी कुणाला मत दिलं याचा चुकून अंदाज आलाच तर घरीसुद्धा बोलू नका. गुप्ततेचा भंग हा गुन्हा आहे. शिवाय गावात त्या माणसाला पुढची पाच वर्षं त्याच रस्त्याने, त्याच पाणवठ्यावर जायचं असतं.

साडेपाचला रांगेत जे उभे असतील त्या सगळ्यांना मत देता येतं. चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत येतात, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. त्यानंतर मशीन बंद करतात आणि एकूण मतांचा आकडा दाखवतात. तो तुमच्या टिकांशी जुळवा. केंद्राध्यक्षांकडून मतांच्या हिशेबाची प्रत मागून घ्या, मशीन मोहरबंद होईपर्यंत थांबा, दमला असलात तरी थांबा. मोजणीच्या दिवशी तहसीलला जो कोणी तुमच्या बाजूने बसेल त्याच्या हातात ती प्रत आणि सकाळी उतरवलेले क्रमांक द्या. मोजणीच्या टेबलावर मशीन आलं की त्याने आधी ते क्रमांक आणि एकूण आकडा ताडून बघायचा.