ऑबफस्केशनला ‘कूटबद्धीकरण’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: सॉफ्टवेअर, चिप आणि खासगी माहिती या तिन्हींच्या संदर्भात ‘ऑबफस्केशन’ (मुद्दाम कळायला अवघड करणे) हा शब्द येतो. त्याला सरसकट ‘कूटबद्धीकरण’ म्हटलेले चालेल, की ‘संदिग्धीकरण’ बरे?

दोन्ही नकोत. ‘कूटबद्धीकरण’ एन्क्रिप्शनसाठी, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असे माहिती बंद करण्यासाठी, रुळला आहे, तो तिथेच राहू द्यावा. एईएस ही एन्क्रिप्शनची प्रचलित पद्धत कशी चालते हे जगजाहीर आहे. गुप्त असते ती फक्त किल्ली, १२८, १९२ किंवा २५६ बिटांची. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, हे कूटलेखनाचे अभ्यासक ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. ऑबफस्केशनची स्थिती याच्या उलट. प्रोग्रॅम चालायचा तर प्रोसेसरला तो वाचता आलाच पाहिजे, आणि प्रोसेसरला जे वाचता येते ते डीबगर (चालता प्रोग्रॅम पायरीपायरीने तपासायचे साधन) लावून बसलेल्या चिकाटीच्या माणसालाही वाचता येते. फक्त वेळ लागतो. म्हणून ॲपमधला पासवर्ड एईएसने बंद केला, पण तो उघडायची किल्ली त्याच फाइलमध्ये ठेवली, तर त्याला कूटबद्धीकरण म्हणणे वाचकाची दिशाभूल आहे. बेस६४ ही माहिती साध्या अक्षरांत लिहायची रीत तर त्याहून साधी: तीन बाइटांची चार अक्षरे होतात, किल्लीचा संबंधच नाही. ते निव्वळ संकेतन (एन्कोडिंग).

‘संदिग्ध’ म्हणजे ज्याचे दोन अर्थ निघू शकतात असे. इथे अर्थ एकच असतो आणि तो जराही बदललेला चालत नाही. मूळ प्रोग्रॅमने जे उत्तर दिले असते तेच नव्यानेही द्यायला हवे. अवघड होते ते फक्त माणसाचे आकलन. यासाठी आपल्याकडे ‘दुर्बोध’ हा नेमका शब्द आहे: अर्थ शाबूत, पण कळायला कठीण. म्हणून ‘दुर्बोधीकरण’, आणि क्रियापद ‘दुर्बोध करणे’. ‘सरलीकरण’, ‘सुलभीकरण’ यांच्या शेजारी तो परका वाटत नाही. उलट क्रियेसाठी ‘उलगडणे’ पुरते, नवा शब्द पाडायला नको.

अर्थ न बदलता दुर्बोध कसे करतात, ते एका उदाहरणात दिसेल. क्ष ही कुठलीही पूर्णसंख्या घ्या. क्ष × (क्ष + १) हा गुणाकार नेहमी समच येतो, कारण लागोपाठच्या दोन संख्यांपैकी एक सम असतेच. ३२ बिटांची मर्यादा ओलांडून संख्या पुन्हा शून्याकडून मोजली गेली तरी समपणा टिकतो. आता ‘हा गुणाकार सम असेल तर खरे काम कर, नाहीतर ही दुसरी फांदी धर’ असे लिहिले, की वाचणाऱ्याला दोन वाटा दिसतात, प्रत्यक्षात एकच चालते. याला ‘अपारदर्शी अट’ म्हणावे. एवढी साधी अट मात्र हुशार कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम) स्वतःच ओळखून काढून टाकू शकतो, म्हणून दुर्बोधीकरण झाल्यावर तयार बायनरी (यंत्राच्या भाषेतली फाइल) उघडून अट शिल्लक आहे का ते पाहावे लागते. दुसरी पद्धत प्रवाह सपाट करण्याची: फंक्शनचे तुकडे करून ते एकाच लूपमधल्या मोठ्या स्विचमध्ये टाकायचे आणि पुढचा तुकडा कोणता ते एका चलाने ठरवायचे. वेग चांगलाच घटतो, त्यामुळे परवाना तपासण्यासारख्या मोजक्या फंक्शनांवरच ती वापरावी.

अँड्रॉइडमध्ये ॲप बांधताना चालणारे आर८ हे साधन क्लास आणि फील्डची नावे ए, बी अशी करते. हे नुसते नावबदल झाले, दुर्बोधीकरणाची सर्वांत सौम्य पातळी. तरी बिघाड इथेच जास्त होतात. जीसनसारखी लायब्ररी जेसनमधली (माहितीच्या देवाणघेवाणीच्या मजकूर-स्वरूपातली) नावे फील्डच्या नावांशी जुळवते. फील्डचे नाव बदलले की ॲप कोसळत नाही, फील्ड गुपचूप रिकामे राहते, आणि तेही फक्त रिलीज बिल्डमध्ये. अशा क्लासांना ‘कीप’ (नाव बदलू नको) नियम लावावा किंवा फील्डवर नाव स्पष्ट लिहावे. प्रत्येक आवृत्तीची मॅपिंग फाइलही (जुन्या-नव्या नावांची यादी) जपावी, नाहीतर आलेले क्रॅश अहवाल उलगडत नाहीत.

कुठलाही प्रोग्रॅम पूर्ण काळ्या पेटीसारखा बंद करून देणारे सर्वसाधारण दुर्बोधीकरण अशक्य आहे, हे २००१ मध्ये गणिताने सिद्ध झाले. म्हणून ‘दुर्बोधीकरणाने सुरक्षित केले’ असे लिहू नये. ‘उलगडणे लांबवले’ हे खरे.

चिपच्या बाबतीत शब्द फोडावा लागतो. मंडलात (सर्किटमध्ये) जागोजागी एक्सऑर आणि एक्सनॉर गेट, म्हणजे बिटांवर काम करणारे छोटे घटक, घालतात. त्यांना बरोबर किल्ली मिळाली तरच चिप योग्य उत्तर देते. किल्ली कारखान्याला देत नाहीत, चिप तयार झाल्यावर भरतात. इथे किल्ली वेगळी आहे, म्हणून ‘कुलूपबंदी’ शोभते. पण मंडलाचा आराखडा आणि बाजारातली चालू चिप दोन्ही हाताशी असली, तर सॅट सॉल्व्हरने (तर्काच्या अटी पुऱ्या करणारी उत्तरे शोधणाऱ्या प्रोग्रॅमने) अशी कुलपे उघडतात, हे २०१५ मध्ये दाखवले गेले. नँड आणि नॉर गेट खोटे जोड देऊन वरून सारखेच दिसतील असे घडवणे, ते ‘छद्मावरण’.

माहितीसाठी मात्र ‘दुर्बोधीकरण’ मुळीच वापरू नये, कारण तिथे तपशील अवघड न करता झाकतात, बदलतात किंवा काढून टाकतात. कार्डाचे शेवटचे चार अंक दाखवून बाकी फुल्या मारणे म्हणजे ‘झाकणे’. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक देणे ‘छद्मनामीकरण’. व्यक्ती पुन्हा ओळखताच येणार नाही असे करणे ‘निनावीकरण’. शेवटच्या दोघांत गल्लत महागात पडते: युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यानुसार छद्मनामी माहिती वैयक्तिकच राहते, निनावी माहिती कायद्याच्या कक्षेबाहेर जाते. दहा अंकी फोन क्रमांकाचा नुसता हॅश (त्यापासून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) काढून तक्त्याला ‘निनावी’ म्हणणे चूक आहे. सगळे मिळून शक्य क्रमांक फार तर १,००० कोटी. सगळ्यांचे हॅश काढून जुळवणे आजच्या ग्राफिक्स कार्डाला जड नाही. न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांची माहिती २०१४ मध्ये अशीच उलगडली, टॅक्सी क्रमांकांवर नुसता एमडी५ हा हॅश लावला होता. हॅशमध्ये गुप्त किल्ली मिसळून ती तक्त्यापासून दूर ठेवली, तर ‘छद्मनामीकरण’ म्हणता येईल, त्यापुढे नाही.